सनद स्पॅनिश, निकाल इंग्रजी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३३ साली चार वर्षांपूर्वीचे आपलेच मत फिरवले. दोन्ही वेळा निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश जॉन मार्शलच होते आणि दोन्ही वेळा प्रश्न एकाच कराराच्या एकाच कलमाचा होता. स्पेनने फ्लोरिडा अमेरिकेच्या हवाली केला तो २२ फेब्रुवारी १८१९ रोजी झालेल्या करारान्वये. त्यावर अमेरिकेतर्फे जॉन क्विन्सी ॲडम्स यांची आणि स्पेनतर्फे लुईस दे ओनीस यांची सही होती. करार इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लिहिला गेला होता आणि दोन्ही प्रती मूळ मानल्या होत्या. त्याच्या आठव्या कलमात स्पेनच्या राजाने पूर्वी दिलेल्या जमिनींच्या सनदांचे काय होणार ते सांगितले होते. इंग्रजी मजकुराचा अर्थ असा लागत होता, की या सनदा मान्य व कायम केल्या जातील. १८२९ साली फॉस्टर विरुद्ध नीलसन या खटल्यात मार्शल यांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की हे पुढे करायच्या कामाचे आश्वासन आहे. अमेरिकी काँग्रेस कायदा करील तेव्हा सनदा मान्य होतील, तोवर कोर्टाला त्या उचलून धरता येणार नाहीत. १८३३ साली हुआन पर्चमन याचा खटला आला. स्पॅनिश गव्हर्नराने १८१५ साली त्याला दोन हजार एकर दिले होते. या वेळी न्यायालयाने स्पॅनिश मजकूर समोर घेतला. तिथले क्रियापद ‘केदारान’ होते: सनदा मान्य आणि कायम राहतील. ज्या गोष्टी राहणार आहेत त्यांना कोणी नव्याने करावे लागत नाही. मार्शल म्हणाले, की इंग्रजी मजकूर स्पॅनिशशी जुळेल असा वाचता येतो, तर तो तसाच वाचला पाहिजे. पर्चमनची जमीन त्याच्याकडे राहिली. याच खटल्यात आणखी एक मुद्दा निघाला होता. पर्चमनकडे मूळ सनद नव्हती, सरकारी लेखनिकाने साक्षांकित केलेली नक्कल होती. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे अस्सल कागद दप्तरातच राहतो. न्यायालयाने तो रिवाजही समजून घेतला आणि नक्कल पुरावा म्हणून स्वीकारली.

अमेरिकी कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसंदर्भात शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण जमिनीच्या इतिहासाच्या अंगाने पाहिले तर त्याचे महत्त्व वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने आधी स्पेनकडून आणि मग मेक्सिकोकडून प्रचंड मुलूख घेतला. त्या मुलखातला जमिनीचा जवळजवळ प्रत्येक कागदोपत्री हक्क स्पॅनिश शब्दांत होता आणि त्याचा निवाडा इंग्रजीत होणार होता. दोन भाषांमधल्या त्या फटीत लाखो एकर जमीन हरवली. यावर सर्वसाधारण समजूत अशी आहे, की जुनी स्पॅनिश कागदपत्रे ढिसाळ आणि संदिग्ध होती, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या न्यायाधीशांना ती नीट लावता आली नाहीत. कागदपत्रांचा आणि खटल्यांचा माग काढला तर ही समजूत टिकत नाही. स्पॅनिश शब्दांना ठरलेला अर्थ होता. तो अर्थ त्यांच्यामागच्या व्यवस्थेतून येत होता. शब्द त्या व्यवस्थेसकट वाचला गेला तिथे हक्क वाचला. शब्द एकटा उचलून त्याच्या जागी इंग्रजी प्रतिशब्द बसवला गेला तिथे हक्क गेला. आणि कोणता शब्द कसा वाचायचा हे बहुतेक वेळा वाचून घेणाऱ्याच्या ताकदीवर ठरले.

कॅलिफोर्नियात हे सर्वांत ठळक दिसते. मेक्सिकोच्या १८२४ च्या वसाहत कायद्याने आणि १८२८ च्या नियमांनी तिथे खासगी व्यक्तींना जमीन देण्याची रीत घालून दिली होती. अर्जदार गव्हर्नराकडे अर्ज करी. सोबत ‘दिसेन्यो’ म्हणजे जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडी. त्यात डोंगर, ओढा, ओकची झाडे आणि शेजाऱ्याचे घर दाखवलेले असे. स्थानिक अधिकाऱ्याचा अहवाल येई, गव्हर्नर हुकूम काढी, आणि ही सगळी कागदपत्रे एकत्र बांधून त्यांचे ‘एक्स्पेदिएन्ते’ दप्तरी ठेवले जाई. मग अल्काल्दे, म्हणजे गावचा न्यायाधिकारी, शेजाऱ्यांना बोलावून प्रत्यक्ष ताबा देई. मोजणी कातडी दोराने होई: पन्नास वारांचा दोर, त्याच्या दोन टोकांना दोन खुंट आणि ते घेऊन घोड्यावर निघालेले दोन स्वार. वारा म्हणजे जवळजवळ तेहतीस इंच. एक चौरस लेग्वा म्हणजे साधारण ४,४०० एकर, आणि एका माणसाला जास्तीत जास्त अकरा लेग्वा देता येत. जमीन अफाट होती, माणसे थोडी, आणि गुरे मोकळी चरत. अशा मुलखात हद्दीची खूण महत्त्वाची होती आणि आकडा दुय्यम. म्हणून सनदांमध्ये क्षेत्रफळापुढे हटकून चार शब्द येत: ‘पोको मास ओ मेनोस’, थोडेफार कमी-जास्त. आपल्याकडच्या जुन्या कागदात चतुःसीमा लिहिल्यावर क्षेत्राचा आकडा जसा अदमासाने घातलेला असे, तसाच हा प्रकार होता. जमीन दिली आहे ती या डोंगरापासून त्या ओढ्यापर्यंत. तिचा अंदाज दोन लेग्वांचा आहे. वाचणाऱ्याला कशावर भिस्त ठेवायची आणि कशावर नाही, हे ते चार शब्द नेमके सांगत.

२ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो करारात मेक्सिकोने कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको दिले, आणि मेक्सिकन रहिवाशांच्या मालमत्तेचे रक्षण होईल असे वचन मिळवले. कराराचे दहावे कलम जमिनीच्या सनदांविषयी स्पष्टच होते. अमेरिकी सिनेटने ते मंजुरीच्या वेळी गाळले. मेक्सिकोने हरकत घेतली तेव्हा अमेरिकी प्रतिनिधींनी मे महिन्यात केरेतारो इथे लेखी खुलासा दिला, की कलम गाळल्याने सनदा रद्द होत नाहीत. पुढे अमेरिकेने त्या खुलाशाला कराराचा भाग मानले नाही. ३ मार्च १८५१ रोजी कॅलिफोर्नियासाठी कायदा झाला. सिनेटर विल्यम ग्विन यांनी तो पुढे रेटला होता. प्रत्येक सनदधारकाने दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या आयोगापुढे यावे आणि आपला हक्क सिद्ध करावा. जो येणार नाही त्याची जमीन सरकारजमा. पुराव्याचे ओझे मालकावर होते आणि पुरावा ज्या भाषेत होता ती भाषा निकाल देणाऱ्यांची नव्हती. प्रत्येक दाव्यासोबत स्पॅनिश कागद आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा द्यावा लागे. स्पॅनिश-इंग्रजी कोशांची तेव्हा वाण नव्हती. १८५२ सालीच न्यूयॉर्कमध्ये मारियानो वेलास्केस दे ला कादेना यांचा मोठा कोश निघाला आणि तो पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. पण कोश ‘पोको मास ओ मेनोस’चे इंग्रजी देऊ शकतो. त्या शब्दांनी हद्दीचे वजन वाढते आणि आकड्याचे कमी होते, हे कोशात नसते.

हुस्तो लारिओस याला १८४२ साली सॅन होसेजवळ दिलेल्या सनदेचा दावा चार्ल्स फोसात याच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. शेजारीच न्यू अल्मादेनची पाऱ्याची खाण होती, त्यामुळे हद्द थोडी इकडे-तिकडे झाली तरी लाखो डॉलरांचा फरक पडणार होता. सनदेत एक लेग्वा, थोडेफार कमी-जास्त, असे लिहिले होते. १८५८ साली न्यायालयाने हे शब्द बाजूला काढले आणि कारणही लिहून ठेवले: अमेरिकेच्या मोजणीच्या पद्धतीत या शब्दांना काही अर्थ नाही. म्हणून लारिओसचा हक्क आकड्यात सांगितलेल्या एका लेग्वेपुरताच. भाषांतर अचूक होते. इंग्रजी वाचणाऱ्या कोणालाही शब्दांचा अर्थ कळत होता. तरी तो अर्थ ज्या मोजणीच्या रीतीत राहत होता ती रीतच न्यायालयाने अमान्य केली, आणि शब्द अर्थहीन ठरला. न्यायालयाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा अनेक सनदांत ‘सोब्रान्ते’चे कलमही असे: मोजणी झाल्यावर जे उरेल ते राष्ट्राचे. म्हणजे मेक्सिकन कायद्यालाही आकड्याची पर्वा होतीच. पण तिथे मोजणी करणारा अल्काल्दे होता, जागेवर उभा राहून, शेजाऱ्यांच्या देखत हद्द ठरवणारा. उरलेले किती हे त्या हद्दीवरून ठरायचे. न्यायालयाने अल्काल्देचे काम सरकारी भूमापकाला दिले आणि त्याच्या हाती फक्त आकडा ठेवला.

कोणी म्हणेल, की लबाडीही कमी नव्हती आणि कडक वाचन गरजेचे होते. होसे लिमांतूर याने सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मोठ्या भागावर सांगितलेला हक्क बनावट कागदांवर उभा होता. तो १८५८ साली फेटाळला गेला. ॲरिझोनात जेम्स रीव्हिस नावाच्या माणसाने खोटी सनद, खोटे पूर्वज आणि खोट्या नोंदी तयार करून एका कोटीहून अधिक एकरांवर दावा लावला होता. १८९५ साली तो उघडा पडला आणि त्याला तुरुंगात जावे लागले. हे खरेच आहे. पण लबाडी पकडली कशी गेली ते पाहावे. लिमांतूरचे शिक्के आणि रीव्हिसच्या नोंदी खोट्या ठरल्या त्या स्पॅनिश दप्तर जाणणाऱ्यांनी शाई, कागद, हस्ताक्षर आणि सरकारी लेखनाची धाटणी यांची बारकाईने छाननी केल्यामुळे. म्हणजे जाणकारीने वाचन शक्य होते, आणि सरकारला ते हवे तेव्हा त्याने करूनही घेतले. जॉन फ्रेमाँट यांचीही गोष्ट अशीच बोलकी आहे. लास मारिपोसासची दहा लेग्वांची सनद १८४४ साली माजी गव्हर्नर आल्वारादो यांना मिळाली होती. त्यांनी जागेवर वस्ती केली नव्हती, नकाशा दाखल केला नव्हता, हद्दीही ठरलेल्या नव्हत्या. फ्रेमाँट यांनी ती १८४७ साली तीन हजार डॉलरांना विकत घेतली आणि पुढे तिथे सोने सापडले. सर्वोच्च न्यायालयाने ती सनद मान्य केली. अटी पाळल्या नसल्या तरी हक्क बुडत नाही, असे सरन्यायाधीश टॅनी यांनी लिहिले. गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की हेच टॅनी पर्चमन खटल्यात सरकारचे वकील होते आणि त्या वेळी सनदधारकाच्या विरुद्ध उभे होते. फ्रेमाँट खटल्यातल्या निर्णयाचा फायदा नंतर काही कॅलिफोर्निओ, म्हणजे तिथल्या जुन्या स्पॅनिशभाषक, घराण्यांनाही झाला, हे नाकारायचे कारण नाही. पण उदार वाचनाची वाट उघडली ती एका बलदंड अमेरिकी सेनानीसाठी.

सॅन फ्रान्सिस्को शहराचा दावा तर आणखी निर्णायक पुरावा आहे. शहर म्हणे, की आपण मेक्सिकन अमलात ‘पुएब्लो’, म्हणजे रीतसर गाव, होतो आणि स्पॅनिश कायद्याप्रमाणे पुएब्लोला चार चौरस लेग्वा जमीन असते. हा हक्क लावायचा तर वस्ती, मिशन, लष्करी ठाणे आणि गाव यांतला स्पॅनिश कायद्यातला फरक उलगडायला हवा होता. शहराचे वकील जॉन ड्विनेल यांनी १८६३ साली आपला युक्तिवाद पुस्तकरूपाने छापला. त्यात शंभर वर्षांतली स्पॅनिश आणि मेक्सिकन कागदपत्रे भाषांतरासकट गोळा केली होती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६० सालीच हार्ट विरुद्ध बर्नेट खटल्यात शहराचा पुएब्लोपणा मान्य केला होता. पुढे संघराज्याच्या न्यायालयानेही चार लेग्वा मान्य केले आणि त्याच जमिनीतून आजचे गोल्डन गेट पार्क उभे राहिले. तेव्हा स्पॅनिश कायद्याचा शब्द इतका अंधुक होता, की तो उलगडणे अशक्य होते, असे कोणी म्हणू नये. ज्याच्याकडे वकील, भाषांतरकार आणि वेळ होता, त्याच्यासाठी तो लख्ख उलगडला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. इतिहासकार सांगतात, की रांचोवाल्यांच्या, म्हणजे सनदेने मोठी जमीन मिळालेल्या मालकांच्या, जमिनी गेल्या त्या कर्ज, व्याज, कर, वकिलांची बिले, जागा बळकावणारे लोक आणि १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात मेलेली गुरे यांमुळे. आकडेही त्याच दिशेने बोट दाखवतात: आयोगाकडे ८१३ दावे आले, त्यांतले ६०४ अखेर मान्य झाले. तीन-चतुर्थांश दावे मान्य होत असतील तर भाषेला दोष कसा द्यायचा? यातला बहुतांश भाग मला मान्य आहे. ओकलंडच्या पेराल्ता कुटुंबाची सनद १८२० पासूनची, ती मान्यही झाली, तरी तोवर तिच्यावर परक्यांची घरे उभी राहिली होती. पण दावा मान्य होऊन पक्का दाखला हाती पडायला सरासरी सतरा वर्षे लागली, आणि ती सतरा वर्षे कशात गेली हे पाहिले पाहिजे. कागद शोधणे, त्याची नक्कल काढणे, तर्जुमा करणे, तर्जुम्यावर हरकत घेणे, दिसेन्योवरचा ओढा जमिनीवर कुठे आहे त्याचा पुरावा देणे, मग नवी मोजणी आणि तिच्यावर पुन्हा वाद. सरकारी अपिलांचा ससेमिरा होताच. कर्ज आणि कर या काळात वाढत राहिले. पैशाने जमीन गेली हे खरे, पण पैसा खर्च होण्याइतका काळ निर्माण झाला तो मोठ्या प्रमाणात एका भाषेतला हक्क दुसऱ्या भाषेत सिद्ध करायला लावल्यामुळे. आणि ही सक्ती अटळ नव्हती. कायदा होण्याआधी सरकारने दोन अहवाल मागवले होते. लष्करी अधिकारी हेन्री हॅलेक यांच्या १८४९ च्या अहवालात सनदांबद्दल संशयाचा सूर होता. विल्यम कॅरी जोन्स यांनी १८५० साली दप्तरे पाहून लिहिले, की बहुतेक सनदा निर्दोष आहेत. जोन्स फ्रेमाँट यांचे साडू होते, तेव्हा त्यांचा शब्द कोणी हिशेबाने घेतला तर ते समजू शकते. पण दप्तरातल्या नोंदी त्यांच्याच बाजूने बोलत होत्या, आणि पुढे सहाशेहून अधिक दावे मान्य झाले हीच त्याची साक्ष. काँग्रेसने संशय निवडला. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या राज्यघटनेने सगळे कायदे स्पॅनिशमध्येही छापायचे ठरवले होते. सनदांचे भाषांतर करणारे विल्यम हार्टनेल हे इंग्लंडमध्ये जन्मलेले, १८२२ पासून मोंतेरेत स्थायिक झालेले आणि स्थानिक घराण्यात लग्न केलेले गृहस्थ घटना परिषदेत दुभाषे होते. दोन्ही बाजू जाणणारी माणसे होती. १८७९ च्या नव्या घटनेने स्पॅनिश छपाईची तरतूदच काढून टाकली. स्पॅनिश काळाच्या सुमारे तीनशे दप्तरांचा बराचसा भाग १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाला. इतिहासकार बॅनक्रॉफ्ट यांच्या नकलनविसांनी १८७० च्या दशकात टिपून घेतले नसते तर त्यातला जो मजकूर आज हाती आहे तोही नसता.

न्यू मेक्सिकोत कहाणी वेगळी होती, कारण तिथल्या कित्येक सनदा एका माणसाच्या नव्हत्या, गावाच्या होत्या. १७९४ साली सान मिगेल देल वादो इथे लोरेन्सो मार्केस आणि त्याच्यासोबतच्या ५१ जणांना जमीन दिली गेली. सनदेच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. वस्तीवाल्यांनी बंदुका आणि धनुष्यबाण बाळगावेत. गावाचा चौक आणि कालवा सर्वांनी मिळून करावा. आणि ही जमीन ‘कोमून’ राहील, या बावन्नांची आणि पुढे त्यांना येऊन मिळणाऱ्या सगळ्यांची. घराच्या आणि ओलिताच्या जागा पुढे वाटून दिल्या गेल्या. डोंगर, कुरण आणि लाकूडफाटा समाईक राहिला. १८९१ साली अमेरिकेने अशा दाव्यांसाठी खास न्यायालय नेमले. त्या न्यायालयाने सान मिगेलचा पूर्ण दावा मान्य केला, पण सरकारने अपील केले. सर्वोच्च न्यायालयाने १८९७ साली सँडोव्हल खटल्यात निकाल फिरवला: समाईक जमीन गावाची नव्हतीच, ती राजाची होती, राजाकडून मेक्सिकोकडे आणि मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आली. तीन लाखांहून अधिक एकरांपैकी गावाच्या हाती पाच हजारांच्या आसपास उरले. सान होआकीन देल रिओ दे चामा इथल्या १८०६ च्या सनदेचे तर चार लाख सत्तर हजारांहून अधिक एकरांवरून चौदाशेच्या घरात आले. स्पॅनिश कायद्यात ‘कोमून’ हा मालक असू शकतो. गाव एक व्यक्ती आहे, तिची जमीन आहे, तिच्यावर गावातल्या कोणालाही गुरे चारता येतात आणि कोणालाही ती विकता येत नाही. आपल्या गायरानाचे चित्र डोळ्यांपुढे आणले की ही कल्पना चटकन कळते. इंग्रजी कायद्यात मालकी माणसाची, नोंदलेल्या संस्थेची किंवा सरकारची. नोंद नसलेल्या समूहाचा हक्क इंग्रजीत लिहायला घेतला की मालकाची जागा रिकामी दिसते, आणि रिकामी जागा सरकारने भरली.

इथे एक बाब विसरता येत नाही. स्पॅनिश आणि मेक्सिकन जमीन-कायद्यांचे जे इंग्रजी संकलन त्या काळी या खास न्यायालयात हाताशी होते, ते १८९५ साली मॅथ्यू रेनल्ड्स यांनी प्रसिद्ध केले होते. आणि रेनल्ड्स याच न्यायालयात सरकारचे वकील होते. संकलन मोठ्या कष्टाचे आहे, त्यात खोटेपणा केला असे म्हणायचे नाही. पण गावकऱ्यांच्या बाजूने असे संकलन करायला कोणी नव्हते, आणि त्यांच्या वकिलांची फी बरेचदा जमिनीच्याच हिश्शात ठरे. माल्कम ईब्राइट यांच्यासारख्या कायदे-इतिहासकारांनी विसाव्या शतकात मूळ कागद पुन्हा वाचले आणि सँडोव्हल निकालातली स्पॅनिश कायद्याची मांडणी चुकीची असल्याचे दाखवले. स्पेनमधल्या आणि अमेरिका खंडातल्या गावांना समाईक जमिनीवर खरी मालकी होती, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. १७९४ च्या अटींत ज्यांचे नाव अजून ठरलेले नाही अशा भावी वस्तीवाल्यांनाही हिस्सा दिला आहे, तो राजाने आपल्याजवळ ठेवलेल्या जमिनीत देता आला नसता. या खास न्यायालयापुढे एकट्या न्यू मेक्सिकोतून सुमारे साडेतीन कोटी एकरांची मागणी आली आणि वीस लाखांच्या आसपास मान्य झाले. मागणीत फुगवलेले दावे होते, एकावर एक चढलेल्या हद्दी होत्या, म्हणून सगळी तफावत अन्यायाच्या खात्यात टाकता येत नाही. तरी समाईक जमिनींचा वाटा त्यात मोठा होता.

याच न्यू मेक्सिकोत पाण्याची कथा उलटी झाली. डोंगरातला ओढा अडवून गावाच्या शेतांवर नेणारा कालवा म्हणजे ‘आसेकिया’. त्यात हिस्सेदार असतात, ते दर वसंतात मिळून गाळ काढतात आणि पाण्याची पाळी ठरवायला ‘मायोर्दोमो’ निवडतात. १८५१-५२ साली प्रांताच्या पहिल्याच विधिमंडळाने आसेकियांचे कायदे केले. सभासदांत बहुसंख्य स्पॅनिश बोलणारे होते. त्यांनी आसेकियाला इंग्रजी प्रतिशब्द शोधला नाही. शब्द तसाच कायद्यात घातला आणि त्याच्यासोबत मायोर्दोमो, श्रमाचा हिस्सा आणि पाण्याची पाळी हे सगळे कायद्यात आले. आज तिथे शेकडो आसेकिया चालू आहेत. टेक्सासमध्येही मापाचे शब्द तसेच ठेवले गेले: वारा म्हणजे ३३⅓ इंच, ‘लाबोर’ म्हणजे दहा लाख चौरस वारा, लेग्वा म्हणजे अडीच कोटी चौरस वारा, असा हिशेब लावून. टेक्सासच्या जुन्या जमिनींच्या हद्दी आजही वारांत वाचल्या जातात. मात्र इथे आक्षेप येतो तो योग्य आहे: शब्द टिकला म्हणून टेक्सासमधल्या मेक्सिकन मालकांची जमीन टिकली असे झाले नाही. कित्येकांना धाकदपटशाने आणि खटल्यांनी हुसकावले गेले. मापाचा शब्द हद्द सांभाळतो, मालक सांभाळत नाही. आसेकियाचा शब्द टिकला तो त्यामागची माणसे कायदा लिहायला बसली होती म्हणून.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत मुळाशी जाणारा आहे. स्पॅनिश हीच त्या भूमीवर बाहेरून आलेली भाषा होती. सनदांमध्ये ज्याला ‘बाल्दीओ’, म्हणजे पडीक, रिकामी जमीन म्हटले, तिथे माणसे राहत होती, शिकार करत होती, आपल्या पूर्वजांना पुरत होती. त्यांच्या भाषेतला हक्क स्पॅनिशमध्ये आणताना जे हरवले त्याचे दुःख कोणी करायचे? या आक्षेपाला उत्तर देऊन तो मोडीत काढता येत नाही आणि काढूही नये. त्याने माझे म्हणणे अधिकच पुढे जाते. कॅलिफोर्नियात कुपेन्यो लोक वॉर्नर रांचोवरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पिढ्यान् पिढ्या राहत होते. मेक्सिकन अमलात ती जमीन दुसऱ्याला दिली गेली. तिथल्या मूळ रहिवाशांना धक्का लावू नये, हे मेक्सिकन कायद्याचे तत्त्व होते. बार्कर विरुद्ध हार्वी या १९०१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कुपेन्योंनी १८५१ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांत आयोगापुढे दावा लावला नाही, म्हणून त्यांचा हक्क संपला. आयोगाची भाषा इंग्रजी, कागदांची भाषा स्पॅनिश, आणि या लोकांची भाषा तिसरीच. त्यांच्याकडे कागद नव्हता; असलाच तर दुसऱ्याच्या सनदेतला त्यांच्या रक्षणाचा आधार, आणि तो दाखवून देण्याचे काम कोणाचेच नव्हते. १९०३ च्या मे महिन्यात त्यांना गाड्यांत सामान घालून पाला इथे नेण्यात आले. एका भाषांतराने जिथे पर्चमनचे दोन हजार एकर वाचले, तिथे दोन भाषांतरांच्या तळाशी असलेल्या या माणसांपर्यंत कोणीच पोहोचले नाही.

न्यू मेक्सिकोतल्या समाईक जमिनींचा प्रश्न मात्र संपला नाही. ५ जून १९६७ रोजी जमीन-हक्क चळवळीचे नेते रेइएस लोपेस तिहेरिना यांच्या माणसांनी तिएर्रा आमारिया इथल्या कोर्टावर सशस्त्र छापा घातला तो याच जमिनींच्या मागणीसाठी. तिथली सनद १८३२ ची, आणि काँग्रेसने १८६० साली ती एका माणसाच्या खासगी मालकीची म्हणून मान्य केली होती. २००४ साली अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने न्यू मेक्सिकोतल्या १५४ सामुदायिक सनदांची यादी आणि त्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. सरकारने कायद्याच्या चौकटीबाहेर काही केले नाही, असा तिचा निष्कर्ष होता, पण काँग्रेसला वाटल्यास भरपाईचे आणि जमीन परत देण्याचे मार्ग कोणते असू शकतात तेही तिने मांडले. काँग्रेसने अद्याप त्यांतला कोणताही मार्ग धरलेला नाही. त्याच वर्षी न्यू मेक्सिको राज्याने या गावांच्या मंडळांना स्थानिक स्वराज्य संस्थांसारखा दर्जा देणारा कायदा केला. त्या इंग्रजी कायद्यात सनदेसाठी इंग्रजी नावाला जोडून ‘मेर्सेद’ हा स्पॅनिश शब्द घातला आहे, आणि समाईक जमीन मंडळाच्या मालकीची असेल, ती वारस आणि रहिवाशांसाठी राखली जाईल असे लिहिले आहे. मंडळांच्या हाती आज जी जमीन आहे ती मूळ सनदांच्या मानाने थोडी आहे. उरलेल्यापैकी बरीचशी सांता फे आणि कार्सन या राष्ट्रीय अरण्यांत आहे, आणि तिथे गुरे चारायला वन खात्याचा परवाना लागतो.